ग्रीकोबांची शपथ

हायवेवर मेलेलं कुत्रं दिसलं की सरांची स्कूटर थांबायची. स्टँडवर लावायची, कडेची मूठभर माती उचलायची, त्या कुत्र्यावर टाकायची, हात झटकायचे आणि पुन्हा किक मारायची. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून कान किटवत. कांद्याच्या ट्रॅक्टरवरची माणसं माना वळवून बघत. मी एकदाच त्यांच्या मागे बसून पिंपळगावहून नाशिकला आले, तेवढ्या रस्त्यात दोन कुत्री आणि एक मांजर झालं. मी म्हटलं, "सर, लोक बघतायत." सर म्हणाले, "बघू देत. अथेन्सच्या माणसाला वाटेत उघडं प्रेत दिसलं तर माती टाकल्याशिवाय पुढे जाता येत नसे. ते माणसाच्या प्रेताचं होतं, मान्य. पण कुत्र्यालाही मूठभर मातीने काही आपली जमीन कमी होत नाही." आणि किक मारली.

नाशिकच्या एका कॉलेजात ते आम्हाला प्राचीन इतिहास शिकवत. ग्रीक आणि रोमन धर्म हा त्यांचा जीव की प्राण. वर्गात आम्ही अकरा जण, त्यातले निम्मे दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेले. पाठीमागे आम्ही त्यांना 'ग्रीकोबा' म्हणायचो. खंडोबा, म्हसोबा, तसे ग्रीकोबा. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर 'ग्रीकोबाच्या नावानं चांगभलं' असं लिहून ठेवलं. सरांनी ते शांतपणे वाचलं, शेजारी खडूने 'नैवेद्य काय आणलाय?' असं लिहिलं आणि शिकवायला लागले.

हजेरी घेताना एखादा नंबर चुकला तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. रोमन लोकांच्या पूजेत म्हणे एक शब्द अडखळला किंवा बासरीवाला मध्येच थांबला, तरी अख्खी पूजा नव्याने करावी लागे. "देवाला घाई नसते, घाई आपल्याला असते," असं म्हणून ते पुन्हा रोल नंबर एकवर येत. तेवढाच तास कमी होतो हे कळल्यावर आम्ही मुद्दाम मध्येच शिंकायला लागलो. सर शिंक हाही अपशकुन धरून पुन्हा सुरुवात करत. आम्ही त्यांना बनवतोय असं आम्हाला वाटायचं, आणि ते खुशाल बनत.

एकदा वर्गातल्या एका वात्रट मुलाने विचारलं, "सर, त्यांचे देवच इतके भानगडबाज. एकाची बायको पळव, दुसऱ्याला फसव. ते लोकांना नीती काय शिकवणार?" आम्ही सगळे हसलो. सरही हसले. मग म्हणाले, "देव कसा वागतो ते त्याचं तो बघेल. तो नजर कशावर ठेवतो ते आपण बघायचं. तीन गोष्टींवर त्यांच्या देवाची नजर असे. दारी आलेला पाहुणा, आश्रयाला आलेला माणूस आणि घेतलेली शपथ. एवढ्या तीन सांभाळल्या की माणूस बऱ्यापैकी माणूस होतो." परीक्षेत हा प्रश्न कधीच आला नाही. पण त्या अकरा जणांपैकी कोणीही आज भेटलं तरी या तीन गोष्टी बोटांवर मोजून दाखवील.

पाहुण्याचं म्हणाल तर त्यांच्या घरी कोणीही गेलं तरी आधी पाणी, मग काहीतरी खायला, आणि ताटली रिकामी झाल्यावरच "बोला, काय काम काढलंत?" कुरिअरवाला, मीटर वाचायला येणारा, मतदार यादीवाले, सगळ्यांना हाच नियम. आधी नाव विचारलं की पाहुणचार संपतो आणि चौकशी सुरू होते, असं त्यांचं म्हणणं. वॉटर फिल्टर विकायला आलेला एक जण दोन थालीपिठं खाऊन, फिल्टरचं नावही न काढता निघून गेला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणत, "यांच्या ग्रीकांचं सगळं छान आहे हो, पण पोहे मला करावे लागतात."

आणि शपथ! आमच्या वयाचं एकही वाक्य तेव्हा 'आईशप्पथ' या शब्दावाचून पुरं व्हायचं नाही. सर शिकवता शिकवता थबकत. "कोणाला बोलावलंस साक्षीला? आईला? तिला विचारलंस?" बोलणारा ओशाळून खाली बघे. ग्रीकांचे तह, करार, कोर्टकचेऱ्या सगळं शपथेवर चालायचं, आणि खोटी शपथ घेतली तर तिचं शासन देव करणार, तेही एकट्याला नाही, पोराबाळांसकट. "म्हणून शहाण्याने शपथ घेऊच नये. आहे म्हणजे आहे, नाही म्हणजे नाही. देवाला मध्ये उभं करायचं तर आधी आपल्या पायाखाली नीट बघावं." आपण जन्मात एकही शपथ घेतलेली नाही, हे ते थोडं मिरवूनच सांगत. आता मी नाशिकच्या कोर्टात वकिली करते. ईश्वराला साक्ष ठेवून पुढच्याच वाक्याला ठोकून देणारी माणसं रोज बघते. दर वेळी सरांची आठवण येते.

सरांची आणि माझी ओळख कॉलेजातली नव्हे. सर आणि माझे बाबा चांदवड तालुक्यातले, एकाच गावचे. नाशिकच्या बोर्डिंगात एका खोलीत राहिलेले. बाबा वर्षभरात पुस्तकांना कंटाळून परत गेले, पुढे पिंपळगावला द्राक्षबाग केली, माल भरायला पॅकहाउस टाकलं. सर पुस्तकांतच राहिले. पण महिन्यातला एक रविवार सर आमच्या बागेत यायचे म्हणजे यायचेच. घरात बाबांचा शब्द शेवटचा असे, त्यापुढे आईही जात नसे. सर हे एकच माणूस असं होतं, की त्यांच्याशी वाद घालताना बाबा हसायचे. एकदा सर म्हणाले, "पंढरी, रोममध्ये हद्दीचा दगड देव मानत. कोणी नांगराने तो उखडला तर तो माणूस आणि त्याचे बैल, दोघंही शापित." बाबा म्हणाले, "वसंता, तो कायदा आपल्याकडं लावू नको. बांध कोरणाऱ्यांचे बैल मोजले तर अख्ख्या चांदवड तालुक्यात एक बैल उरायचा नाय." दोघं इतके हसले की आई चहाचे कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, सगळं सगळ्यांना विचारून झालं, फक्त मला सोडून. मला वकिली शिकायची होती. आईजवळ बोलले तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगायची हिंमत असेल तर सांग." हिंमत नव्हती. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी 'हॉल तिकीट आणायचंय' अशी थाप मारून मी नाशिकची बस धरली, फोन बंद केला आणि गंगापूर रोडला सरांच्या घरी गेले.

त्याच महिन्यात सरांनी आश्रिताचा भाग शिकवला होता. जिवाला भ्यालेला माणूस परक्या घरात शिरतो आणि एक अक्षर न बोलता चुलीपाशी राखेत जाऊन बसतो. मग तो वैरी असला तरी त्याला हाकलता येत नाही. यजमानाने हात धरून उठवलं की तो त्या घराचा झाला. त्याला परत धाडणं म्हणजे थेट देवाचा अपराध. सर पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मला तोंडाने काही सांगणं जमेना, नुसता हुंदका येत होता. मी त्यांच्या समोरून सरळ स्वयंपाकघरात गेले. रो-हाउसमध्ये चूल कुठली असायला! मी आपली गॅसच्या ओट्याखाली, सिलिंडरला टेकून बसले.

सर मागोमाग आले. वाकून ओट्याखाली बघितलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मग एकदम सगळं कळलं. इतकी वर्षं शिकवलं, पण शिकवलेलं असं कोणी समोर आणून ठेवलं नसावं. त्यांनी हात पुढे केला. "ऊठ बाळ," म्हणाले, "राख नाहीये, पण चालेल." मी हात धरून उठले. त्यांचे डोळे माझ्याहून ओले होते. मग दूध-पोळी दिली, मी खाईपर्यंत समोर बसले, आणि ताटली रिकामी झाल्यावरच विचारलं, "आता सांग." मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पंढरीशी मी बोलतो. पण तू म्हणेपर्यंत या घरातून तुला कोणी नेणार नाही."

दुपारी बाबा आले. काकू शाळेत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बाबांचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"वसंता, मनू सकाळपासून नाय. फोन बंद हाय. कॉलेजात नाय, मैत्रिणींकडं नाय. गोदावरीच्या पुलावर जाऊन आलो मी. खाली बघत उभा होतो रे. तुझ्याकडं हाय का?"

"आहे," सर म्हणाले.

"मला धीर द्यायला बोलू नको. शपथ घे."

सरांनी पेपराची घडी घातल्याचा आवाज आला.

"तू कधी घेत नाय, ठाऊक हाय मला. आज घे. तुझ्या त्या देवांची घे, नायतर आपल्या चांदवडच्या रेणुकेची घे. पोरगी जित्ती हाय, एवढं शपथेवर सांग."

आणि जन्मात शपथ न घेतलेल्या माणसाने शपथ घेतली. "रेणुकेची शपथ, पंढरी. ती या घरात आहे. सुखरूप आहे. पण ती म्हणेपर्यंत मी तिला तुझ्या हवाली करणार नाही."

मित्राचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून त्यांनी ती घेतली, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त 'या घरात आहे' एवढंच ऐकू आलं. चुलीपाशी बसलेल्याला भय नसतं, हे मी परीक्षेत दहा गुणांसाठी सुरेख लिहिलं असतं. पण सर बाबांपुढे टिकतील यावर माझा विश्वास बसेना. बाबांपुढे कोणी टिकलेलं मी पाहिलंच नव्हतं. मी मागच्या दाराची कडी काढली, बोळातून रस्त्यावर आले आणि मिळेल त्या रिक्षात बसले.

पुढचं मला आईकडून कळलं. बाबा म्हणाले, "बोलत नाय, नुसती लांबून बघतो." सर मला विचारायला आत आले. ओटा होता, उष्टी ताटली होती, मागचं दार सताड उघडं होतं. बाबा मागे येऊन उभे राहिले होते. "देवीची शपथ घेऊन खोटं बोललास, वसंता," म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर बाबा चारचौघांत सांगत राहिले, की वसंताने मला बोलण्यात गुंतवलं आणि पोरीला मागून काढून दिलं. रविवार बंद झाले. पंचवीस-तीस वर्षांची दोस्ती एका दुपारी संपली.

मी मालेगावला मावशीकडे गेले, संध्याकाळी आईला फोन केला. लग्न मोडलं. वर्षभराने बाबा स्वतः मालेगावला आले, मावशीच्या ओट्यावर टोपी काढून बसले आणि म्हणाले, "शिक तुला काय शिकायचं ते. घरी ये." त्या दुपारबद्दल ते बोलले नाहीत, मीही काढलं नाही. आमच्याकडे गोष्टी अशाच मिटवायची पद्धत आहे. वरून माती सारखी करायची आणि आत काय आहे ते बघायचं नाही.

लॉ कॉलेजसाठी नाशिकला आले तशी मी सरांकडे पुन्हा जायला लागले. पहिल्यांदा जाताना मी फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले. सरांनी दार उघडलं, म्हणाले, "ये. काकूंनी आज भरीत केलंय." बस्स. का पळालीस, कधी पळालीस, एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर दर रविवारी मी जात राहिले. नोकरी नाही म्हणून रडायला गेले, पहिली केस जिंकले ते सांगायला गेले, नवऱ्याला घेऊन गेले, मुलीला घेऊन गेले. तिला त्यांनी देवांच्या भानगडी बेताबेताने सांगितल्या. 'सर, माझं चुकलं' हे वाक्य मी दर खेपेला सोबत न्यायची आणि तसंच परत आणायची. मला वाटायचं, ते विसरले असतील. आपणच कशाला उकरायचं?

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. कॉलेजच्या गॅदरिंगला मी माजी विद्यार्थिनी म्हणून जायची. तिथे समई पेटवायचा मान सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापकाचा. सर ज्येष्ठ झाले तरी पुढे जात नसत. हॉलच्या शेवटच्या रांगेत बसत, आग्रह झाला तर म्हणत, "हे माझ्या हातांचं काम नाही." लोकांना वाटे, ग्रीकोबा आता नास्तिक झाले. मलाही तसंच वाटलं. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा त्यांनी काडी शिपायाच्या हातात दिली.

गेल्या थंडीत सर गेले. चार दिवसांचा ताप, बस. रविवार आला की मला अजूनही अकराच्या सुमाराला कुठेतरी जायचं असल्यासारखं होतं. मी साडी नेसते आणि मग आठवतं. कोणी माझं सगळं ऐकून घेईल, पण काही न विचारता आधी खायला घालील, असं माणूस आता या शहरात मला उरलेलं नाही. मला ते हवेत. नुसते समोर बसलेले हवेत, पेपर धरून.

महिनाभराने काकूंकडे गेले. त्या बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू का गं? ते होते तोवर त्यांनी मला विचारू दिलं नाही. म्हणायचे, आश्रयाला आलेल्याला जाब विचारायचा नसतो."

"विचारा ना काकू."

"त्यांनी शपथ घेतली, तेव्हा तू आत होतीस का?"

"होते," मी म्हटलं. "दाराआड होते. शपथ ऐकली आणि मग पळाले."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "म्हणजे खरी होती," त्या म्हणाल्या. "अगं, त्यांना एवढंच कळायचं होतं. म्हणायचे, मी वळून बघितलं नाही. पोरगी आधीच गेली असेल, आणि मी देवीला मध्ये उभं केलं. खोट्या शपथेच्या हाताने दिव्याला शिवायचं नसतं म्हणे. आमचा गणपतीसुद्धा इतकी वर्षं मी बसवत होते."

मी तिथून उठले ती थेट पिंपळगावला गेले. बाबा पॅकहाउसच्या पायरीवर ऊन खात बसले होते. हल्ली ते फार बोलत नाहीत. मी चपलाही न काढता समोर उभी राहिले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुपारचं बोलले. म्हटलं, "बाबा, सर खोटं बोलले नव्हते. त्यांनी शपथ घेतली तेव्हा मी घरातच होते."

बाबांनी मान वर केली नाही. "ठाऊक हाय मला," म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट समजलं नसावं. मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

"मी पुढच्या दारात उभा होतो, मनू. त्यानं शपथ घेतली, आन् मग बोळातून मागच्या दाराची कडी वाजली. आधी शपथ, मग कडी. तो बोलत होता, त्याला नसल ऐकू आली. मला आली. कसली ते उघडं दार बघितल्यावर उमगलं."

"मग तुम्ही त्यांना खोटं का ठरवलंत?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरगी बापाला भिऊन पळाली, हे म्हणायला जीभ उचलंना. वसंता खोटा बोलला, हे म्हणायला सोपं गेलं. वाटलं, दोन-चार दिवसांनी जाऊन सांगू त्याला. मग महिना झाला. मग वर्ष झालं. मग तोंड राहिलं नाय." मग म्हणाले, "त्यानं मनाला लावून घेतलं होतं का गं?"

मी समईचं सांगितलं. गणपतीचं सांगितलं. माझ्या बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी त्यांच्यावर संतापायला हवं होतं. आले होते ती भांडायच्या तयारीनेच. पण कोणत्या तोंडाने भांडणार? सरांना मोकळं करायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते आम्हा दोघांकडेही होतं. बाबांना त्यासाठी पाऊण तासाचा रस्ता तुडवावा लागला असता. मी तर दर रविवारी त्यांच्या समोर बसून जेवत होते.